मेंबरसाहेबांचं फाटक

आमच्या घरी आधी बैल जेवत आणि मग माणसं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. बैल चालले तर बंडी चाले, बंडी चालली तर चूल पेटे. शेत आम्हाला नव्हतं. बा लोकांचा कापूस बंडीत भरून जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, नेऊन टाकायचा, माय त्याच जिनात कापसातला कचरा वेचायला बसायची. उन्हाळ्यात जीन बंद पडलं की ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी. भाजी संपली की नुसत्या कण्या. कोणाला कीव यावी म्हणून हे लिहीत नाही. होतं तसं सांगतो. कामरगावकडच्या आमच्या वस्तीत मी पहिला मॅट्रिक. निकाल लागला तेव्हा शेजारच्या म्हातारीनं मायला विचारलं होतं, आता याला चष्मा कधी लागेल? तिनं पाहिलेला एकुलता एक मॅट्रिक माणूस चष्मेवाला होता.

पैसे जमवून पुढच्या जूनला अमरावतीला कॉलेजात जायचं ठरलं. त्याच हंगामात छोट्या गाडीनं आमचा डावा बैल मारला आणि बाचा गुडघा कायमचा ताठ करून ठेवला.

छोटी गाडी म्हणजे अरुंद रुळांवरची, मोजक्या डब्यांची, कोळशाच्या इंजिनाची गाडी. चढावर ती इतकी दमायची की पुढच्या डब्यातला माणूस उतरून, शेतातल्या तुरीच्या शेंगा तोडून, मागच्या डब्यात आरामात चढायचा. असल्या गाडीनं बैल मारला हे ऐकून लोक आधी हसत आणि मग विचारत. पण त्याला कारण होतं. कारंज्याच्या कापसाच्या बाजारातून जिनाकडे जाणारा रस्ता रूळ ओलांडून जाई, आणि तिथं फाटक नव्हतं. हंगामात बंड्यांची रांग लागलेली असे. म्हातारा ड्रायव्हर लांबूनच गाडी हळू करी, रांगेपाशी उभी करी आणि रांग संपेपर्यंत विडी ओढत बसे. धुरकरी, म्हणजे बंड्या हाकणारे, त्याला बोरं देत, ओला हरभरा देत. वर्षानुवर्षांचा रिवाज. गाडी आली की ती आपल्यासाठी थांबते, हे आमच्याकडे लेकरांनाही ठाऊक होतं.

मग तो ड्रायव्हर म्हातारपणानं घरी बसला आणि दुसऱ्या मुलखातला नवा आला. त्याला त्याच्या मुलखात शिकवलं होतं की गाडी पाहिली की माणूस पळतो. बाला आमच्या मुलखानं शिकवलं होतं की माणूस पाहिला की गाडी थांबते. बा रुळांवर होता. गाडी दिसल्यावर तो आणखीच निवांत झाला, बैलांना पुचकारून सावकाश घ्यायला लागला. नव्या ड्रायव्हरनं ब्रेक लावला तोवर उशीर झाला होता.

पंचनाम्याला साहेब आला. त्यानं विचारलं, इथं फाटक आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाला, मग दोन्हीकडे पाहून जायची जबाबदारी रस्त्यावरच्या माणसाची, कायदा असा आहे. बा खाटेवर पडून होता. तो म्हणाला, "साहेब, म्या पाह्यलं ना. गाडी दिसली म्हून तं निवांत होतो."

हे काही साहेबानं लिहून घेतलं नाही.

बा उठून चालायला लागल्यावर आम्ही कारंज्यातच बिऱ्हाड केलं. मामानं एक बैल दिला, जोडी जमली. पण ताठ गुडघ्याच्या माणसाला बंडीवरून चटकन उडी मारता येत नाही, आणि जिनाचा रस्ता तोच. तेव्हा मायनं ठरवलं की रुळापाशी बंडीच्या पुढं मी चालायचं. मी जनपद सभेच्या शाळेत सकाळची मास्तरकी धरली. शाळा सुटली की रुळावर जायचं, दोन्हीकडे पाहायचं, हात करायचा, मग बानं बंडी हाकायची. फेरी झाली की पुन्हा तेच. बाकीचे धुरकरी म्हणायचे, "काय गा, तुह्या बंडीले तं इंजिन लागलं. मॅट्रिक पास इंजिन." बा हसायचा. मी हसत नसे. अमरावतीचा प्रवेश गेला होता.

आमचे घरमालक जनपद सभेचे मेंबर होते. त्यांचं नाव गावात कोणी घेत नसे, मीही घेत नाही. मेंबरसाहेब. ते निवडून कसे आले ही गोष्ट कारंज्यात लग्नाच्या पंगतीत सांगत. त्या जागेला उभे राहिलेले दोघं तगडे उमेदवार एकमेकांचे व्याही होते. व्याह्याविरुद्ध लढायचं कसं, म्हणून एकानं मोठ्या मनानं अर्ज मागं घेतला. दुसऱ्यानंही त्याच दिवशी, तितक्याच मोठ्या मनानं. दोघांनी आपापल्या घरी पेढे आणून ठेवले होते, समोरच्याच्या विजयाचे. तिसरा अर्ज मेंबरसाहेबांचा होता. तो त्यांनी अर्ज कसा भरतात हे पाहावं म्हणून भरला होता. पेढे शेवटी त्यांच्याकडे आले.

धंदा गॅसबत्त्या भाड्यानं देण्याचा. लग्नाच्या वरातीला त्यांची बत्ती न्यायची तर आधी रॉकेल, हवा आणि वात यांच्यावर व्याख्यान ऐकावं लागे, आणि शेवटी ते नवरदेवाच्या बापाला प्रश्न विचारून पाहत. उत्तर चुकलं तर बत्ती नाही. पुष्कळ वराती अंधारात गेल्या, पण मेंबरसाहेबांच्या बत्तीनं कोणाचा मांडव जळला नाही हे खरं.

ते रस्त्यानं जात ते मी रोज पाहायचो. वळण आलं की खाकरायचं, थांबायचं, मान लांब करून पलीकडे पाहायचं आणि मग वळायचं. "आधी थांबा, मंग इचारा, मंग जा," हे त्यांचं ब्रीद. आपल्या अंगणातसुद्धा ते असेच चालत, कारण अंगणात त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, कोंबड्या कुठूनही येत. छोट्या गाडीत मात्र ते कधीच बसले नाहीत. पुढच्या डब्यात बसलं तर समोरून टक्कर झाल्यावर आपण आधी, मागच्यात बसलं तर मागून येणारी आपल्यावर, असं त्यांचं गणित होतं. मग मधल्यात बसा, मी म्हटलं. ते म्हणाले, "मास्तर, सगये शहाने मधात बसले तं मधला डबा कलंडन ना." आणि मूर्तिजापूरला पायी निघाले. आदल्या दिवशी निघत.

घरातही कायदे होते आणि कायद्यांना कलमं. स्वयंपाकघरातून गरम भांडं घेऊन येणाऱ्यानं दाराच्या आत उभं राहून आवाज द्यावा, हे पहिलं कलम. काकू ते कधी पाळत नसत. मेंबरसाहेबांनी मतदान घेतलं. घरात माणसं दोन, मतं सारखी पडली. अध्यक्षाला जादा मत असतं हे त्यांना माहीत होतं, पण ते त्यांनी संसारात कधी वापरलं नाही. एकदा आपल्याच नियमाप्रमाणे ते स्वयंपाकघराच्या दारात थांबून दोन्हीकडे पाहत असताना काकू सरळ आल्या आणि वरणाचं पातेलं धोतरावर. मेंबरसाहेब भाजलेल्या जागी पाणी ओतत म्हणाले, पाहा, कलम किती जरुरीचं आहे. काकू म्हणाल्या, "दारात थांबले नसते तं मी कोनाले धडकली असती?"

यावर त्यांनी बराच विचार केला. संध्याकाळी मला म्हणाले, बाईचा मुद्दा बिनतोड आहे, एकट्यानं थांबून भागत नाही, समोरच्यालाही थांबवणारं काहीतरी पाहिजे.

आमच्या बैलाची गोष्ट त्यांना मायनं सांगितली. सांगितली म्हणजे दारात उभी राहून सुनावलीच. तिला मेंबर आणि मंत्री यांत फरक माहीत नव्हता, आणि खरं तर मेंबरसाहेबांनाही नव्हता. ती म्हणाली, "तुमी सरकारात बसता. तठी फाटक लावा. फाटक लागत नाई तवर मी माह्या पोराले अमरावतीले धाडत नाई. बुढ्याले रुळावर एकटा सोडू काय?"

मेंबरसाहेब उठून उभे राहिले. आजवर त्यांच्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. गावातले लोक त्यांना भेटले की रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जात, बत्तीचं व्याख्यान सुरू होईल म्हणून. ते म्हणाले, "माय, फाटक नाई, कायदाच करून टाकू. जथी जीन तथी फाटक. सगया देशात."

जनपद सभा म्हणजे विहिरी, शाळा आणि कोंडवाडे पाहणारी सभा. रेल्वेचा कायदा दिल्लीला होतो हे मी त्यांना समजावून सांगितलं. सेक्रेटरीनं सांगितलं. तहसीलदारानं बोलावून घेऊन सांगितलं. त्यांना ते पटलंही. पण दिल्लीच्या लोकांना आपला रस्ता कुठं माहीत आहे, आपण कायदा तयार करून पाठवला तर त्यांचा त्रास वाचेल, असं त्यांचं म्हणणं. आणि कायदा करायचा तर ज्यांना ज्यांना तो लागणार त्या सगळ्यांना विचारून करायचा. माप न घेता सदरा शिवत नाहीत. तेव्हा ते मला घेऊन निघाले. मी लिहायचं, त्यांनी विचारायचं.

पहिले जिनाचे शेठ. त्यांनी पान दिलं, पंखा लावला आणि सांगितलं की माणसाच्या जिवापुढं दुसरं काही नाही. फाटक हवंच. फक्त हंगामात ते उघडं राहावं. फाटकापाशी बंड्या खोळंबल्या तर कापूस गावाच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या जिनात जाईल. मेंबरसाहेब म्हणाले, लिहा मास्तर. मी लिहिलं.

मग मोटारवाले. त्यांची एकच मोटार होती आणि ती छोट्या गाडीच्या उतारूंवर डोळा ठेवून तिच्याच वेळेला सुटायची. त्यांनीही आधी माणसाच्या जिवाचं नाव घेतलं. नंतर म्हणाले, फाटक बंडीला असावं, सायकलीला असावं, पायी माणसाला तर असावंच, पण मोटारीला नसावं, कारण उभ्या मोटारीत पेट्रोल जळतं. आणि फाटकामुळे गाडीला जरा उशीर होणार असेल तर त्यांची त्याला हरकत नव्हती. वाटल्यास जास्त उशीर झाला तरी चालेल. मी लिहिलं.

स्टेशन मास्तर बिचारे भले गृहस्थ. दार लावून घेऊन म्हणाले, माझ्या मनातलं विचाराल तर फाटक पाहिजे. पण कंपनी फाटक देईल तर त्याला माणूस देणार नाही, आणि माणूस दिला तर फाटक देणार नाही. दोन्ही एकदम दिल्याचं त्यांनी आपल्या नोकरीत पाहिलं नव्हतं. हेही मी लिहिलं.

रुळाला लागूनच चाचांचं चहाचं हॉटेल होतं, बांबूच्या तट्ट्यांचं. सगळ्या गावात फाटकाचा खरा कैवारी म्हणजे चाचा. फाटक गाडी यायच्या अर्धा तास आधी बंद झालं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. "इन्सान की जान है, मेंबरसाब. जान के वास्ते आधा घंटा क्या चीज है. लोगां बैठेंगे, चाय पियेंगे, जान बचेगी." पाऊण तास केला तरी त्यांची ना नव्हती. बाकडी ते स्वतःच्या खर्चानं टाकणार होते.

शेवटी धुरकऱ्यांची बैठक झाली, बाजारातल्या लिंबाखाली. तिथं कोणी माणसाच्या जिवाचं नाव काढलं नाही, कारण जीव त्यांचाच होता. फाटक म्हणजे आपल्याला अडवणार एवढं त्यांना समजलं आणि ते भडकले. त्यांच्यातला एक म्हातारा उठून म्हणाला, "फाटक लावाचं तं गाडीले लावा ना. आमी तिच्या आंगावर जातो काय? थेच येते." सगळे हसले. मेंबरसाहेब हसले नाहीत. लिहा मास्तर, म्हणाले.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी सगळा कायदा मोठ्यानं वाचून दाखवला. काकू भांडी घासता घासता ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, म्हणजे फाटक लागणार कधी? मेंबरसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. हंगामात लागणार नाही. मोटार असताना लागणार नाही. माणूस असेल तर फाटक नसेल. राहता राहिला पावसाळा. पावसाळ्यात रूळ वाहून जात आणि छोटी गाडीच बंद असे.

"लय चांगलं झालं," काकू म्हणाल्या. "तवा कोनीच मरत नाई."

तरी त्यांनी तो कायदा पाठवला. एक प्रत नागपूरला, एक दिल्लीला, एक कंपनीला. नागपूरहून विचारणा निघाली तेव्हा आम्ही नागपूरच्या राज्यात होतो. ती येऊन पोचली तेव्हा राज्यच बदललं होतं, म्हणून मेंबरसाहेबांनी चौथी प्रत मुंबईला धाडली. आम्ही कोणत्या राज्यात आहोत याचा घोळ वरच्यांना उलगडेना, तेव्हा ज्या त्या कचेरीनं, आपला संबंध नाही पण जागेवर चौकशी व्हावी, असं कंपनीला लिहिलं. एवढ्या दिशांनी पत्रं आल्यावर हा कोणी फार मोठा माणूस असावा असं कंपनीला वाटलं. तिनं साहेब पाठवला. पंचनाम्याचा नव्हे, त्याच्या वरचा. हॅटवाला.

जागेचा कायदा जागेवरच बोलला पाहिजे, म्हणून मेंबरसाहेबांनी सभा रुळावरच भरवायची ठरवली. शेठ, मोटारवाले, स्टेशन मास्तर, चाचा, धुरकरी, सगळ्यांना निरोप गेले. शाळेतून टेबल आलं. ते जिनाच्या बाजूला ठेवलं तर बाजारवाले रुसतील आणि बाजाराच्या बाजूला ठेवलं तर शेठ, तेव्हा मेंबरसाहेबांनी टेबल ठेवलं दोन रुळांच्या मधोमध, रस्त्याला जरा लागून. उभ्या आयुष्यात वळणावर खाकरल्याशिवाय न वळलेला माणूस खुर्ची टाकून रुळांत बसला. मी म्हटलं, गाडीची वेळ होत आली. ते म्हणाले, "गाडी येळेवर आली असं तुमी कधी आइकलं काय, मास्तर?"

ऐकलं नव्हतं. पण त्या दिवशी लाइनीवर मोठा साहेब आला होता. त्या धास्तीनं ड्रायव्हरनं, गार्डानं, कोळसा टाकणाऱ्यानं जीव तोडून काम केलं होतं आणि कोणाच्याही आठवणीत पहिल्यांदा छोटी गाडी वेळेवर आली.

तेव्हा शेठ बोलत होते. धूर दिसला तसे लोक बाजूला सरकले. टेबल उचलायला मी हात घातला, तर मेंबरसाहेबांनी ते दाबून धरलं. गाडीनं शिटी दिली, कुरकुरत आली आणि टेबलापासून थोड्या अंतरावर उभी राहिली. हा तोच ड्रायव्हर, ज्यानं आमचा बैल मारला. पण आता समोर हॅटवाला साहेब दिसत होता. साहेब लाल झाले. मेंबरसाहेब इंजिनाकडे वळून शांतपणे म्हणाले, "आधी थांबा. सभा चालू हाय." मग शेठना म्हणाले, बोला.

शेठ बोलत राहिले. उतारू हळूहळू खाली उतरले आणि चाचांच्या हॉटेलात शिरले. बघता बघता चाचांचं दूध संपलं आणि त्यांनी जिनाच्या बाजूच्या म्हशीवाल्याकडे पोरगं धाडलं. मोटारवाले घड्याळ पाहत होते आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान पसरलं होतं की कोणाला वाटावं, घरी मुलगा झाला.

आणि तेवढ्यात जिनाकडे जाणारी बंड्यांची रांग रुळापाशी आली. पहिली बंडी बाची.

मी टेबलापाशी लिहायला बसलेला. बंडीच्या पुढं कोणी नव्हतं. बानं गाडी पाहिली, जोडीचे कासरे ओढले आणि बंडी रुळाच्या अलीकडे उभी केली. गाडी उभी होती. बंडी उभी होती. मागं रांग वाढत चालली. लोक ओरडायला लागले, गाडी थांबली आहे, घे पुढं. बा हलेना. शेठ स्वतः ओरडले, "अरे, उभी हाय ना गाडी, जाय ना." बा म्हणाला, "त्या दिशीबी थांबनारच होती."

कासरे त्यानं मनगटाला दोन वेढे देऊन धरले होते. ते मी पाहिलं आणि मेंबरसाहेबांनीही पाहिलं. मी उठायला लागलो तर त्यांनी माझा खांदा दाबला. म्हणाले, "तुमी नाई, मास्तर. तुमी जनमभर पुढं चालनार काय? ज्याची गाडी त्यानं यावं." आणि मागं वळून गार्डाला हाक मारली.

गार्ड साहेबांकडे पाहू लागला. साहेबांनी वैतागून मान हलवली. मग गार्ड शेवटच्या डब्यातून उतरला, लाल झेंडी घेऊन सगळ्या गाडीची लांबी चालत आला आणि मेंबरसाहेबांनी दाखवल्या जागी, इंजिनाच्या तोंडासमोर, इंजिनाकडे तोंड करून उभा राहिला. गाडीचाच माणूस गाडीला अडवून उभा आहे हे बाला दिसलं. त्यानं बैलांना हाक दिली. बंडी रूळ ओलांडून गेली. तिच्यामागं सगळी रांग गेली. नंतर गार्डानं रस्त्याकडे तोंड करून झेंडी धरली, आम्ही टेबल उचललं, गाडी निघून गेली, आणि गार्ड मागून पळत जाऊन आपल्या डब्यात चढला.

मग साहेब म्हणाले, हे असं चालेल काय?

शेठ म्हणाले, चालेल, बंड्या खोळंबत नाहीत. मोटारवाले म्हणाले, उत्तम. दर वेळेला गाडी एवढी थांबणार असेल तर फारच उत्तम. स्टेशन मास्तर म्हणाले, नवा माणूस लागत नाही. धुरकरी म्हणाले, आम्ही हेच म्हणत होतो. चाचा कपबशा विसळत होते. ज्यांचं एकमेकांत कधी जमलं नाही ते सगळे एका बाजूला झाले. गार्डानं रोज उतरून झेंडी दाखवावी असा हुकूम देऊन साहेब हॅट घालायला लागले.

"नाई," मेंबरसाहेब म्हणाले.

शेठनी कपाळाला हात लावला. साहेबांनी विचारलं, आता काय?

"पयला ड्रायव्हर थांबत होता, साहेब. थो गेला अन् बैल मेला. उद्या हा गार्ड जाईन. नवा गार्ड म्हनन, मी काहून उतरू? मले लाकूड पायजे. ड्रायव्हर बदलते, गार्ड बदलते, मेंबर बदलते. लाकडाची बदली होत नाई."

साहेब म्हणाले, फाटक ठेवलं तर माणूस ठेवावा लागेल, आणि माणूस मिळणार नाही. मेंबरसाहेबांनी माझ्याकडून कागद घेतला आणि लिंबाखालच्या म्हाताऱ्याचं म्हणणं वाचून दाखवलं. फाटक गाडीले. रस्त्यावर नव्हे, रुळावर आडवं, कायमचं लावलेलं. गाडीला थांबण्यावाचून इलाज नाही. मग ड्रायव्हर कोणत्याही मुलखाचा असो. गार्डानं उतरायचं, फाटक फिरवून रस्ता बंद करायचा, गाडी पलीकडे घ्यायची, फाटक पुन्हा रुळावर आडवं लावायचं, आणि मग आपल्या डब्यात चढायचं. फाटक आहे म्हणून माणूस नाही. कंपनीच्या नियमाला धक्का लागत नाही.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "रेलगाडीला फाटक," ते स्वतःशीच म्हणाले. पण नाही म्हणायला त्यांना कारण सापडेना, आणि चहाही चांगला झाला होता.

फाटक बसायला उन्हाळा लागला. दोन साध्या लाकडी आडव्या दांड्या, पांढऱ्या रंगाच्या, बिजागरीवर फिरणाऱ्या. कंपनीचा सुतार दांड्या बसवत होता तेव्हा मेंबरसाहेब शेजारी उभे राहून त्याला बिजागरीवर व्याख्यान देत होते. पहिल्या दिवशी गार्डाला फाटक फिरवून, लावून, गाडी पकडायला एवढा वेळ लागला की ड्रायव्हरनं चाचांकडे दोन कप घेतले. मोटारवाल्यांनी नारळ फोडला.

माय हातातलं काम टाकून थेट तिथं आली. तिनं दांडीला धक्का दिला. मग पदर खोचून तिच्यावर पूर्ण भार टाकून पाहिला. दांडी हलली नाही. गाडी येईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. गाडी आली, दांडीसमोर थांबली, गार्ड उतरला. मायनं ड्रायव्हरकडे एकदा निरखून पाहिलं आणि मग माझ्याकडे वळली.

"जाय आता," ती म्हणाली.

मेंबरसाहेब मात्र खूश नव्हते. त्यांना हे फाटक आमच्या एका रस्त्यापुरतं वाटे. त्यांना सगळ्या देशातल्या जिनांपुढं हवं होतं. त्यांनी दिल्लीला पुन्हा लिहिलं. पुढच्या निवडणुकीत ते पडले. त्या खेपेला व्याह्यांचं आपसात बिनसलं होतं, त्यामुळे अर्ज कोणी मागं घेतला नाही. तरी ते लिहीत राहिले. दिल्लीहून विचार चालू असल्याचं उत्तर येई. काकू म्हणत, आपल्या घरातलं पहिलं कलमच अजून पास झालेलं नाही, दिल्लीचं तर लांब राहिलं.

त्यांचा कायदा कधी झाला नाही. फाटक झालं. बा ताठ गुडघ्यानं पुढं कितीतरी हंगाम त्या रस्त्यानं एकटा बंडी घेऊन गेला, आणि त्या जागी पुन्हा बैल मेला नाही की माणूस मेला नाही. मी त्याच जूनमध्ये अमरावतीला गेलो आणि बी.ए. झालो.